कॉम्प्युटरला ऊन दाखवले त्याची गोष्ट

"स्वावलंबन हीच संस्कृतीची खरी कसोटी आहे. ज्याला आपल्या घरातली वस्तू आपल्या हाताने नीट करता येत नाही, त्याने स्वतःला सुशिक्षित म्हणवून घेऊ नये!" असे उद्गार भाऊसाहेबांनी काढले, तेव्हा ते स्टुलावर उभे होते, त्यांचे अर्धे अंग माळ्यात होते आणि स्टूल शेजारच्या सल्लागारांनी धरून ठेवले होते. वाक्य भारदस्त होते. अशा वाक्याच्या शेवटी हात थोडा उंचावावा लागतो. भाऊसाहेबांनी तो उंचावला. त्या हातात जुन्या चादरीत गुंडाळलेले एक गाठोडे आहे, हे हात उंचावून झाल्यावर त्यांच्या लक्षात आले.

गाठोडे फरशीवर पडले. आवाज काही फार मोठा झाला नाही. वाळकी काटकी पायाखाली मोडावी एवढाच. पण काही आवाज लहान असले तरी माणसाला लगेच कळते, की हा आवाज आपल्याला पुष्कळ दिवस ऐकू येणार आहे.

"काय होतं हो ते?" सल्लागारांनी विचारले.

भाऊसाहेब खाली उतरले. त्यांनी चादरीचे एक टोक उचलून आत पाहिले आणि ते टोक पुन्हा जागच्या जागी ठेवले.

"हिचा कॉम्प्युटर," ते म्हणाले.

इथे एक खुलासा केला पाहिजे. आज कॉम्प्युटर म्हटले की मिटून पिशवीत टाकायची वस्तू डोळ्यांपुढे येते. वहिनींचा, म्हणजे भाऊसाहेबांच्या पत्नीचा, कॉम्प्युटर त्या घराण्यातला नव्हता. तो फार आधीचा, म्हणजे कॉम्प्युटर अजून माणसाळायचे होते तेव्हाचा. दिसायला तो जाडजूड टाइपरायटरच, फक्त कागद घालायची जागा नसलेला. बटणे आणि मेंदू एकाच पेटीत. पडदा नाही, तो घरातल्या टीव्हीला जोडून टीव्हीकडून उसना घ्यायचा. वहिनी भाऊसाहेबांच्याच कचेरीत टायपिस्ट होत्या, तेव्हा त्यांनी तो स्वतःच्या पगारातून घेतला होता. कितीतरी वर्षे रोज संध्याकाळी त्या त्याच्यापुढे बसत. त्या घरखर्चाचे हिशेब करतात, असे भाऊसाहेबांनी मनाशी ठरवून टाकले होते, आणि एकदा ठरवलेली गोष्ट तपासून पाहण्याची कचेरीत पद्धत नव्हती.

आता त्या पेटीचा उजवा कोपरा तीन-चार तुकड्यांत चादरीवर पडला होता. आतले, स्क्रू बसायचे प्लॅस्टिकचे खांब मुळापासून तुटले होते, त्यामुळे वरचे झाकण सैल कवळीसारखे हलत होते. काही बटणे उडून कपाटाखाली गेली होती. आणि वहिनी, ज्या आपल्या थोरल्या बहिणीच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले म्हणून तिच्याकडे राहायला गेल्या होत्या, त्या रविवारी परत येणार होत्या.

संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"माळा आवरला का?"

"चालू आहे."

"सगळं काढा, पण माझ्या कॉम्प्युटरला हात लावू नका हं. मी आल्यावर काढीन. आज अक्काला त्याच्याबद्दलच सांगत होते. एकदा लावून बघायचाय."

"कशाला?"

"कशाला काय? चालतो का ते बघायला. नोकरीतली सगळी माणसं कुठे कुठे पांगली, हा एकच घरात राहिलाय. चौकशी नको करायला?"

भाऊसाहेबांनी टेबलावरच्या तुकड्यांवर हळूच चादर ओढली. फोनमधून पलीकडच्या माणसाला टेबल दिसत नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते. तरी ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सल्लागार चहाच्या वेळेला हजर झाले. सल्लागारांची सगळी हयात विम्याच्या कचेरीत गेली होती. त्याचा परिणाम म्हणून त्यांना कोणताही सल्ला अपघात होऊन गेल्यानंतरच सुचत असे. "स्टुलावर चढून बोलायचं नसतं," ते म्हणाले. मग म्हणाले, "दुकानात द्या की."

भाऊसाहेबांनी दुकानात फोन लावला. दुकानदाराने मॉडेल विचारले. भाऊसाहेबांनी "पिवळट" असे सांगितले. दुकानदार, "काका, असलं आम्ही फक्त फोटोत पाहिलंय," म्हणाला. त्याच्या आवाजात जे कौतुक होते, ते कॉम्प्युटरबद्दल होते की काकांबद्दल, हे शेवटपर्यंत स्पष्ट झाले नाही. भाऊसाहेबांनी फोन ठेवला आणि चष्मा पुसला. ते दुखावले की चष्मा पुसत.

"ठरलं," ते म्हणाले. "मी स्वतः करणार."

संस्कृतीची कसोटी अशी पुन्हा सुरू झाली.

भाऊसाहेबांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून एका थेंबात चिकटणारा गोंद आणला. नळीवर सूचना होत्या. त्या इतक्या बारीक अक्षरांत होत्या, की वाचायला चष्मा लागला असता. आणि चष्मा लावायला एक हात मोकळा लागला असता. हे लक्षात येईपर्यंत उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी कॉम्प्युटरच्या कोपऱ्याशी एकजीव झाली होती. डावा हात मोकळा होता, पण डाव्या हाताने नळी दाबून धरली होती आणि ती सोडली तर काय काय चिकटेल याचा अंदाज येत नव्हता. त्याच क्षणी दाराची बेल वाजली.

भाऊसाहेबांनी कोपराने दार उघडले. दारात सल्लागार.

"कुठे निघालात हे घेऊन?"

"कुठेही नाही. हा माझ्याबरोबर आहे."

"खाली ठेवा ना मग. अवघडाल."

"सुटत नाही."

सल्लागारांनी ओढून पाहिले. भाऊसाहेबांच्या तोंडून जो शब्द निघाला तो कचेरीच्या रेकॉर्ड रूमच्या माजी प्रमुखाला शोभणारा नव्हता. "मी तुम्हाला सांगणारच होतो," सल्लागार म्हणाले, "हातमोजे घालून काम करा म्हणून." मग त्यांनी आधी गरम पाणी सुचवले, मग तेल सुचवले, आणि दोन्ही उपायांनी फक्त सतरंजी ओली आणि तेलकट झाल्यावर म्हणाले, "नेलपॉलिश काढायचं ते पाणी असतं बघा, त्याने सुटतं. आमच्या ऑफिसात एक क्लेम आला होता असा."

ते पाणी घरात नव्हते. ते इमारतीच्या तळमजल्यावरच्या ब्युटी पार्लरमध्ये होते.

भाऊसाहेब जिना उतरले. अशा प्रसंगी चालावे कसे, याला काही महत्त्व असते. त्यांनी कॉम्प्युटर दोन्ही हातांवर आडवा धरला आणि एखाद्या समारंभात मानपत्राचे तबक नेतात तसे ते संथ पावलांनी निघाले. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी आपोआप वाट दिली. पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांनी तर हात जोडले.

पार्लरमध्ये तिघीजणी चेहऱ्यांना हिरवट लेप लावून खुर्च्यांत रेलून बसल्या होत्या. लेप वाळत आला होता, त्यामुळे त्यांना हसण्याची सोय नव्हती. हा भाऊसाहेबांना त्या दिवशी मिळालेला एकच दिलासा. तिघींच्या फक्त खुर्च्या थरथरत राहिल्या.

"या काका, बसा," पार्लरवाली म्हणाली. तिने आधी त्यांच्या बोटांकडे पाहिले, मग पेटीकडे पाहिले. "नखं कोणाची करायची? दोघांची?"

तिने कापसाच्या बोळ्याने अंगठा सोडवला, बोट सोडवले. पण बोळा फिरला तिथे कॉम्प्युटरचे प्लॅस्टिक मऊ पडले, आणि त्यावर भाऊसाहेबांच्या बोटाची रेघ न् रेघ उमटली.

"अगंबाई! काका, हे विरघळतंय की!"

भाऊसाहेब त्या ठशाकडे बघत राहिले. शास्त्रज्ञांच्या आयुष्यात असा एखादा क्षण येतो म्हणतात. "विरघळतं," ते सावकाश म्हणाले, "म्हणजे पुन्हा घट्टही होत असणार."

पार्लरमध्ये गिऱ्हाइकांच्या पोरांना रमवायला प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांची एक टोपली होती. पार्लरवालीचा आणि भाऊसाहेबांचा एकाच वेळी टोपलीकडे हात गेला. पांढरे ठोकळे निवडून, फोडून, काचेच्या बरणीत त्या पाण्यात घातले. दुपारपर्यंत त्याची दाट खळ झाली. ती खळ तुटलेल्या खांबांच्या मुळाशी भरायची, खांब उभे करायचे आणि सुकेपर्यंत हलू द्यायचे नाहीत. खांब हलू नयेत म्हणून पार्लरवालीने केसांचे चिमटे दिले. काम इतके पक्के झाले की सकाळी बाकीचे चिमटे निघाले, पण एक काही निघेना. तो खांबात पार मुरला होता. तो आजही तिथेच आहे.

कोपराही जुळला, फक्त भेगा भरता भरता त्याच्यावर त्या पांढऱ्या खळीचा थर चढला. प्रश्न एवढाच उरला, की बाकीची पेटी वर्षानुवर्षे पिवळी होत होत जुन्या कागदाच्या रंगाची झाली होती, आणि हा कोपरा दुधासारखा पांढरा. म्हाताऱ्याच्या तोंडात एकच नवा दात बसवावा तसे दिसत होते. वहिनींना हे दिसले नसते, अशी शक्यता नव्हती. त्यांना टाइप केलेल्या पानातला चुकलेला स्वल्पविराम दाराच्या उंबऱ्यावरून दिसत असे.

"कोपरा पिवळा करा," सल्लागार म्हणाले. "चहात बुडवा."

"छे हो काका, बाकीचा पांढरा करू या," पार्लरवाली म्हणाली. "केस फिके करायचं क्रीम आहे ना माझ्याकडे, तेच लावायचं. वरून पातळ प्लॅस्टिक गुंडाळायचं आणि उन्हात ठेवायचं. केसांना अर्धा तास पुरतो."

"आणि याला?"

"याला केस असते तर सांगितलं असतं."

ऊन फक्त गच्चीवर होते, आणि गच्ची सोसायटीच्या सेक्रेटरींच्या ताब्यात होती. सेक्रेटरी वाईट माणूस नव्हते. नियम सोडून त्यांना आयुष्यात कसलेच व्यसन नव्हते.

"गच्चीवर वाळत घालायला परवानगी आहे ती कपडे, गाद्या आणि अंथरुणं यांना," ते म्हणाले. "यात कॉम्प्युटर बसत नाही."

"पण सेक्रेटरीसाहेब, मला वाळत घालायचाच नाहीये. ऊन दाखवायचंय नुसतं. ठेवीन आणि नेईन."

"ठेवायला तर मुळीच नाही! ठेवलेलं उचलायला कोणी येत नाही भाऊसाहेब. टाकीपाशी एक पाळणा पडलाय बघा. त्यातलं मूल आता बँकेत नोकरीला लागलंय."

भाऊसाहेबांनी स्वतः एवढी वर्षे लोकांना नियमांवरून परत पाठवले होते, त्यामुळे आतून त्यांना सेक्रेटरींबद्दल आदरच वाटत होता. पण नियमाच्या मागच्या दाराची किल्लीही त्यांच्याकडे होती.

"सभासदाला गच्चीवर बसता येतं का?"

"सूर्यास्तापर्यंत. खुशाल."

"आणि त्याच्या मांडीवर काही असलं तर?"

सेक्रेटरींनी डोळे मिटून विचार केला. "सभासदाच्या मांडीवर काय आहे," ते शेवटी म्हणाले, "यात सोसायटी लक्ष घालत नाही."

अशा रीतीने शनिवारी दुपारी भाऊसाहेब गच्चीवर खुर्ची टाकून बसले. मांडीवर क्रीमने माखलेली, प्लॅस्टिकात गुंडाळलेली कॉम्प्युटरची पेटी. मेंदू आणि बटणे आधीच काढून खाली ठेवली होती. डाव्या हातात छत्री, अशा कोनात धरलेली, की सावली भाऊसाहेबांवर पडावी आणि ऊन कॉम्प्युटरवर. उजवा हात, पेटी घसरू नये म्हणून, वर ठेवलेला.

सुरुवातीला त्यांना आपण हास्यास्पद दिसतो आहोत असे वाटले. मग बघायला तिथे कोणीच नाही, हे लक्षात आले आणि त्यांचे वाटणे हळूहळू सैल पडले. पाण्याची टाकी आतल्या आत गुणगुणत होती. समोरच्या इमारतीत दोरीवरच्या चादरी वाऱ्याने फुगत आणि पुन्हा पोट आत घेत. कठड्यावर दोन पारवे एकमेकांकडे पाठ करून बसले होते, फार वर्षांचा संसार झालेल्या जोडप्यासारखे. कुठेतरी कोणी शिट्टीवर एकच ओळ घोळवत होते, आणि पुढची ओळ आठवत नसल्यामुळे पुन्हा तिच्याकडेच येत होते. पांढरे ढग एकामागून एक, कसलीही घाई नसल्यासारखे, गच्चीवरून सावल्या ओढत निघून जात.

मांडीवरची पेटी उबदार झाली. मांजर बसावे तशी.

भाऊसाहेबांचे डोळे जड झाले. त्यांना रेकॉर्ड रूम दिसू लागली. उंच खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा, त्यात तरंगणारी धूळ, आणि भिंतीपलीकडून टाइपरायटरांचा पाऊस. त्या पावसातून एकच सर त्यांना वेगळी ओळखू येत असे. बाकीच्या टायपिस्ट ओळ संपली की लगेच पुढच्या ओळीवर येत. ही मात्र ओळीच्या शेवटी किंचित थांबायची. तिथून खिडकी दिसायची. मग रेकॉर्ड रूमच्या फायलींना पंख फुटले. फडफडत एकेक फाईल खिडकीतून बाहेर निघाली, पण शिस्तीत, अकारविल्हे. भाऊसाहेब मागे धावले, "सही! सही करून जा!" म्हणत. पाण्याच्या टाकीवर वहिनी बसल्या होत्या. टाइप करत होत्या. बोटे आपली चालली होती आणि त्यांचे डोळे हातांकडे नव्हतेच, वर होते. भाऊसाहेबांनी विचारले, "काय बघतेस?" वहिनी काहीतरी म्हणाल्या. ते नेमके टाकी भरून वाहू लागल्याच्या आवाजात बुडाले.

टाकी खरोखरच भरून वाहत होती. भाऊसाहेब दचकून जागे झाले. छत्री गच्चीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडली होती. ऊन कलले होते.

खाली येऊन त्यांनी पेटी धुतली, पुसली आणि खिडकीशी नेऊन पाहिली. पेटी पांढरी झाली होती. पण जिथे प्लॅस्टिक नीट बसले तिथे पांढरीशुभ्र, जिथे सुरकुत्या पडल्या तिथे पिवळसर, आणि मध्ये मध्ये फिकट, कडा विरलेले पट्टे. सबंध पेटीवर दुपारचे ढग उतरले होते. आणि वर एका बाजूला, जिथे भाऊसाहेबांचा उजवा हात झोपेतही इमानाने टेकलेला होता, तिथे ऊन पोचलेच नव्हते. तिथे एक पिवळा पंजा होता. चारी बोटे, अंगठा, मनगटाची कड, सगळे स्वच्छ.

"आम्ही याला हायलाइट्स म्हणतो काका," पार्लरवाली म्हणाली. "बायका मुद्दाम करून घेतात."

"आणि तुमचा चेहरा?" सल्लागारांनी विचारले. "तो पण मुद्दाम?"

भाऊसाहेबांचा डावा गाल छत्री उडाल्यापासून उन्हात होता. तो लालबुंद झाला होता. उजवा नेहमीसारखाच होता. त्यांनी चष्मा पुसला.

दुसऱ्यांदा क्रीम लावायला वेळ नव्हता. बटणे बाकी होती. ती भाऊसाहेबांनी सकाळीच धुवायला टाकली होती, आणि ती एकेक करून घासण्याऐवजी वॉशिंग मशीनमध्ये धुवावीत ही कल्पना सर्वस्वी त्यांची होती. ती मशीनमध्ये हरवू नयेत म्हणून हाताला आली ती निळ्या फुलांची उशीची खोळ घेऊन, तिच्यात बटणे घालून, त्यांनी तोंडाला गाठ मारली. बटणे झकास निघाली. गाठ मात्र भिजून अशी आवळली की सुटेना. ती त्यांना कात्रीने सोडवावी लागली. गाठीबरोबर खोळीचाही बराचसा भाग सुटला.

आता रिकाम्या खाचांच्या तीन ओळी आणि वाटीभर अक्षरे समोर होती.

"काढायच्या आधी फोटो घ्यायचा होता," सल्लागार म्हणाले.

"फोटो? कशाला फोटो?" भाऊसाहेब ताठ बसले. आठवडाभरात पहिल्यांदाच ते आपल्या हुकमतीच्या प्रदेशात आले होते. "आयुष्यभर रेकॉर्ड लावलंय मी. अक्षरं लावायला मला फोटो?"

इथे लक्षात घेतले पाहिजे, की भाऊसाहेबांनी नोकरीत एकही ओळ स्वतः टाइप केली नव्हती. ते मजकूर सांगत. टाइप दुसरे करत. सल्लागारांचेही तेच. मोबाइलवर दोघेही फक्त बोलत, तेही तो भिंगासारखा दूर धरून. टाइपरायटरवरची अक्षरे अस्ताव्यस्त असतात, एवढे भाऊसाहेबांनी येता-जाता पाहिले होते. पण तो टायपिस्ट लोकांचा गबाळेपणा आहे, असा त्यांचा प्रामाणिक समज होता.

त्यांनी ए पासून सुरुवात केली. ए, बी, सी, डी. वरची ओळ भरली. मग मधली. शेवटी झेड खाली उजवीकडे टक्कन बसला. एकही बटण उरले नाही, एकही खाच रिकामी राहिली नाही. काही बटणे किंचित उंच-सखल बसली, पण क्रम बिनचूक.

"सुटसुटीत झालं," सल्लागार म्हणाले. त्यांनी आठवड्यात पहिल्यांदाच हरकत घेतली नव्हती. "हे लोक आधीच असं का करत नाहीत?"

"विचार करायला वेळ लागतो," भाऊसाहेब नम्रपणे म्हणाले.

रविवारी दुपारी, वहिनी यायच्या आधी एकदा चालवून पाहावा म्हणून, भाऊसाहेबांनी कॉम्प्युटर झोपायच्या खोलीतल्या जुन्या टीव्हीला जोडला. बटण दाबले. टीव्हीत आधी मुंग्या धावल्या, मग पडदा काळा झाला आणि कोपऱ्यात एक छोटा चौकोन लुकलुकू लागला. भाऊसाहेबांना भरून आले. चालतोय! काहीतरी बोलले पाहिजे म्हणून त्यांनी एका बोटाने, शोधून शोधून, इंग्रजीत "हॅलो" दाबले.

पडद्यावर उमटले: आय, टी, एस, एस, जी.

त्यांनी पुन्हा दाबले. पुन्हा तेच. खाली कॉम्प्युटरने चूक झाल्याची सूचना दिली. पेटी जुळली, खांब जुळले, ढगसुद्धा आले; पण पडला तेव्हा याच्या डोक्याला मार बसला, हे बाहेरून कोणाला दिसले असते? आता हा भ्रमिष्टासारखे बोलत होता. काही सुचेना तेव्हा त्यांनी, सगळ्यांत सोपे म्हणून, "सॉरी" दाबले.

एल, जी, के, के, एन.

माफीसुद्धा त्याला धड छापता येईना. भाऊसाहेब पलंगाच्या कडेवर बसून राहिले. गोंद, क्रीम, गच्ची, अर्धा भाजलेला चेहरा, या सगळ्याचे त्यांना काही वाटले नाही. आज ती विचारील, "चालतो का?" आणि आपण काय सांगायचे, एवढाच प्रश्न होता. "हा एकच घरात राहिलाय," म्हणाली होती.

दारात किल्ली फिरली.

वहिनी पिशवी घेऊन सरळ झोपायच्या खोलीत आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिले. लाल गालाकडे पाहिले, मग साध्या गालाकडे. मग कॉम्प्युटरकडे. पिशवी हळूच खाली ठेवली.

"माझ्या हातून पडला," भाऊसाहेब म्हणाले. तालीम केलेली बाकीची वाक्ये आलीच नाहीत. "जोडला मी. पण त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. काहीही बोलतो."

वहिनी खुर्ची ओढून बसल्या. कोपऱ्यावरून बोट फिरवले. ढग पाहिले. पंजा पाहिला, आणि त्यावर नुसताच आपला हात टेकवून पाहिला. तो त्या पंजाच्या आत मावला, चारी बाजूंनी थोडी जागा ठेवून. मग त्यांनी दोन्ही हात बटणांवर ठेवले आणि नजर पडद्यावर.

खोलीत टाइपरायटरांच्या पावसातली ती एक सर सुरू झाली.

भाऊसाहेब बघतच राहिले. पडद्यावर नीट शब्द उमटत होते. खाडाखोड नाही, गोंधळ नाही, ओळीखाली ओळ. त्यांनी वाकून बोटांकडे पाहिले. वहिनींनी जे लिहिलेले बटण दाबले आणि पडद्यावर पी उमटला. सी दाबला, ई उमटला. वहिनींचे डोळे एकदाही खाली गेले नव्हते.

"जरा उंच-सखल लागतंय," वहिनी पडद्याकडेच बघत म्हणाल्या. "अहो, काय केलंत काय बटणांना?"

"वर्णक्रमाने लावली."

बोटे थांबली. वहिनींनी आता प्रथमच खाली पाहिले. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, सगळी ए पासून झेडपर्यंत वाचली. मग त्या हसू लागल्या. आधी आवाज न करता, मग डोळ्यांना पदर लावून, मग पार टेबलावर डोके टेकून.

"बदलतो मी. सांग कशी लावायची," भाऊसाहेब म्हणाले.

"हात लावाल तर बघा! राहू द्या अशीच. आता हा माझ्याशिवाय कोणाशी नीट बोलणार नाही."

त्यांनी कॉम्प्युटरने काय करायचे ते सांगणाऱ्या आणखी दोन-तीन ओळी घातल्या, एका ओळीच्या शेवटी किंचित थांबल्या, आणि मग एक बटण दाबले.

पडदा काळा झाला. मधोमध एक पांढरा ठिपका उगवला आणि हळूहळू कडेकडे सरकला. मग दुसरा. मग पाच-पंचवीस. मध्यातून उगवत, मोठे होत, पडद्याच्या कडांवरून बाहेर निसटत. बघता बघता असे वाटू लागले, की ठिपके जागेवरच आहेत आणि आपणच, पलंगासकट, चांदण्यांतून कुठेतरी चाललो आहोत. खिडकीबाहेर संध्याकाळ होत होती. खोलीत दिवा लावायचे कोणाला सुचले नाही. पेटीवरचे ढग पडद्याच्या उजेडात मधूनच हलल्यासारखे दिसत.

"हे हिशेब?" भाऊसाहेबांनी बऱ्याच वेळाने विचारले.

"कसले हिशेब?"

"तू रोज संध्याकाळी करायचीस ते."

"हिशेब मी बोटांवर करायचे. इथे हेच करत बसायचे. दिवसभर तुमची ती पत्रं टाइप केली, 'उपरोक्त विषयास अनुसरून,' की कुठेतरी लांब जावंसं वाटायचं. घर सोडून कुठे जाणार? मग इथून निघायचे."

"आणि मी कुठे असायचो?"

"इथेच, पलंगावर. तोंडावर पेपर घेऊन घोरत." वहिनींनी त्यांच्याकडे पाहिले नाही. "ते पण बरं वाटायचं. इंजिन चालू असल्यासारखं."

चांदण्या येत होत्या आणि जात होत्या. भाऊसाहेबांना वाटले, गच्चीवर टाकीच्या आवाजात जे ऐकायचे राहिले ते हेच असेल. मग त्यांची छाती भरून आली आणि अशा वेळी त्यांना जे होते तेच झाले. ते उठून उभे राहिले.

"स्वावलंबन," ते म्हणाले, आणि त्यांचा हात आपोआप थोडा उंचावला, "म्हणजे नुसतं हाताने काम करणं नव्हे. माणसाने मोडलेली वस्तू जोडावी, तेव्हा तो खरं म्हणजे—"

"अहो, ते सगळं खरं," वहिनी जांभई देत म्हणाल्या, "पण आठवडाभर अक्काच्या त्या कडक उशीवर मान मोडली माझी. आज लवकर पडणार आहे. तेवढी माझी निळ्या फुलांची खोळ काढून ठेवा."